रत्नागिरीत उजाडायच्या आत

मी सोलापूरचा. आमच्याकडे नळाला पाणी आलं की शेजारी शेजाऱ्याला झोपेतून उठवतो. त्यामुळे अटलांटिक महासागर पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की इतकं पाणी उघड्यावर ठेवलंय आणि कुणी झाकणसुद्धा घातलेलं नाही! पण त्याच महासागरातून मी असा एक कॉड मासा काढलाय, की तो बोटीत आला तेव्हा बंदरातली भरती दोन बोटं खाली उतरली. खोटं वाटत असेल तर माझ्या मित्राला विचारा. तो नाही म्हणेल. पण तो रत्नागिरीचा आहे, आणि रत्नागिरीचा माणूस दुसऱ्याचा मासा मोठा होता असं मरेपर्यंत कबूल करत नाही.

आम्ही दोघं बॉस्टनच्या बाहेर एकाच ऑफिसात होतो. दोन हजार सातच्या फेब्रुवारीत त्याची आई त्याच्याकडे सहा महिन्यांसाठी आली होती. मी त्यांना काकू म्हणायचो. विमानातून उतरल्यावर जो तो आपलं घड्याळ बदलतो, काकूंनी बदललं नाही. त्यांच्या मनगटावर अखेरपर्यंत रत्नागिरीची वेळ चालू राहिली. आम्ही रविवारी सकाळी पोहे खायला बसलो की त्या घड्याळात बघून म्हणायच्या, "आता आपल्याकडे दिवेलागण झाली." मग पोहे खाताना उगाचच शुभंकरोती म्हणायला हवं असं वाटायचं.

काकूंचं सगळं ठीक चाललं होतं. बर्फ बघून झाला, धबधबा बघून झाला, मॉलमधल्या सरकत्या जिन्याशीही मैत्री झाली. एकच गोष्ट जमली नाही, ती म्हणजे मासा. सुपरमार्केटात मासा मिळतो तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, पांढराफटक, ना काटा ना कातडी ना डोकं. काकूंनी त्यावर एकदा बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "हा मासा नाही, खोडरबर आहे." मित्र म्हणाला, "आई, हा ताजा आहे गं, वर लिहिलंय." "लिहिलेलं मी काय करू? डोळा कुठाय ह्याचा? कल्ला कुठाय? चेहरा न बघता स्थळ पसंत करतात का?"

मग तो त्यांना चायनाटाउनमध्ये घेऊन गेला. तिथे डोक्यासकट, जिवंत, काचेच्या टाकीत पोहणारे मासे. काकूंनी एका माशाशी बराच वेळ नजरानजर केली आणि मागे फिरल्या. "आजारी आहे तो. ह्याला डॉक्टरकडे न्या, माझ्याकडे नको."

असं करता करता ऑगस्ट आला. बुधवारी काकूंचं परतीचं विमान होतं. आणि तिकडून आणलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात मित्राच्या बायकोनं बोट ठेवून दाखवलं, की रविवारी आषाढाची अमावास्या, सोमवारपासून श्रावण. श्रावणात काकू मासळीच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत. श्रावण संपला की गणपती. म्हणजे रविवार हुकला की ह्या माउलीला सगळ्या अमेरिकेच्या मुक्कामात मासा मिळाला नाही तो नाहीच.

एवढ्यावर भागलं असतं तर माझा मित्र समुद्रावर गेला नसता. पण शनिवारी बॅग भरता भरता काकू सहज बोलून गेल्या, "आता पुढच्या खेपेला तूच ये रे बाबा तिकडे. मी काही परत यायची नाही. माझं पोटच रमत नाही इथे." पाठोपाठ मित्राचा मला फोन. "ऐक. उद्या आपण कॉड पकडायला जायचंय."

"आपण?"

"तू तर गेल्या पिकनिकला सगळ्यांना सांगत होतास ना, की तू उजनीच्या धरणात मगर पकडलीयेस?"

"ती मगर लहान होती," मी म्हणालो. काही लोकांपुढे मी नेहमीच नम्रपणे बोलतो.

आता ह्यात एक मेख होती, आणि ती माझ्या लक्षात गाडीत बसल्यावर आली. मी म्हणालो, "आरामात करू यार. रात्री बारापर्यंत वेळ आहे. इथला सोमवार उजाडेपर्यंत तर झालीच चंगळ."

मित्र म्हणाला, "तेच मी आईला म्हणालो. ती म्हणाली, सूर्य काय दोन आहेत? एकच आहे. तो रत्नागिरीत उगवला की श्रावण लागला. मग मी बॉस्टनला असेन नाहीतर चंद्रावर असेन." आणि रत्नागिरीत सूर्य उगवतो तेव्हा आमच्याकडे रविवारच्याच रात्रीचे पावणेनऊ वाजायला आलेले असतात. थोडक्यात, मासा पकडायचा, घरी आणायचा, त्याचं कालवण करायचं आणि काकूंच्या ताटात वाढायचं, हे सगळं त्याच संध्याकाळी, रत्नागिरीचे कोंबडे आरवायच्या आत.

बॉस्टनच्या उत्तरेला एक जुनं कोळ्यांचं बंदर आहे, तिथे छोट्या बोटी भाड्यानं मिळतात. आम्हाला मिळाली ती अॅल्युमिनियमची होती. तिच्यापेक्षा मोठ्या परातीत माझ्या मावशीनं लग्नातला रवा भाजलाय. मागे एक मोटर, मध्ये बर्फाची पेटी, आणि भाड्याचे दोन गळ. मित्र सुकाणूपाशी असा उभा राहिला, जणू शिवाजी महाराजांचं आरमार त्याच्याच ताब्यात दिलं होतं.

"लहानपणी होडीत खूप बसला असशील ना?" मी विचारलं.

"बसलोय की."

"किती वेळा?"

"एकदा."

"मग?"

"ओकलो."

लांब जायचं नव्हतंच. किनाऱ्यावरच्या चर्चचा सुळका दिसत राहील एवढ्याच अंतरावर पाण्याखाली खडकांची रांग आहे, तिथे कॉड तळाशी बसून असतो, असं बोटवाल्यानं सांगितलं होतं. आमिष म्हणून त्यानं बादलीभर शिंपले दिले होते. मित्रानं पहिला शिंपला उघडला आणि तो हळवा झाला. "साल्या, ह्या तिसऱ्या आहेत रे. इतक्या मोठ्या तिसऱ्या! आणि त्या मी माशाला घालतोय! आईला कळलं तर ती मलाच गळाला लावेल." दर शिंपल्याला तो असा उसासा टाकायचा. मी सोलापूरचा असल्यामुळे माझा हात मोकळा होता.

दोरीला बांधलेलं शिसं खाली सोडलं, तळाला टेकलं, थोडं वर उचललं. लगेच ओढ लागली! मी ओरडलो, मित्र ओरडला, सीगल ओरडले. ओढत ओढत वर आणलं तर एक सडपातळ, करड्या रंगाचा, मांजरासारख्या डोळ्यांचा छोटासा शार्क. मला आनंदानं आकाश ठेंगणं झालं. आयुष्यात पहिल्यांदा गळ टाकला आणि शार्क लागला! घरी फोन करून पेढे वाटायला सांगावेत अशा विचारात मी होतो, तोवर मित्र म्हणाला, "मुशी आहे. सोड."

"सोड? अरे, मुशी तुमच्याकडे खातात ना?"

"खातात. बाळंतिणीला घालतात, दूध यावं म्हणून. माझी आई सत्तरीला आली आहे."

मुशी सोडली. पुन्हा गळ टाकला, पुन्हा मुशी. मित्राच्या गळाला मुशी, माझ्या गळाला मुशी, एकदा तर आमच्या दोघांच्या दोऱ्यांचा गुंता झाला आणि त्या गुंत्याला मुशी. सोडलेली मुशी खाली जाऊन मैत्रिणींना सांगत असावी, की वर दोन येडे फुकट तिसऱ्या वाटतायत. दुपार झाली तेव्हा माझा असा अंदाज होता, की मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरची प्रत्येक मुशी आम्हाला चेहऱ्यानं ओळखत होती.

तेवढ्यात मित्राचा फोन वाजला. किनारा जवळ असल्यामुळे सिग्नल येत होता. काकू.

"मिळाला का रे?"

"आई, प्रयत्न चालू आहेत."

"मी खोबरं बर्फातून बाहेर काढलंय. विरघळलं. आता ते परत आत जायचं नाही."

"हो आई."

"मिरच्या भिजत घातल्यात."

"हो गं आई."

"नसेल मिळत तर नसू दे. मी पिठलं करते." आणि फोन बंद.

त्या 'नसू दे' मध्ये जे होतं ते ऐकून माझ्यासारखा कोरडा माणूससुद्धा पाघळला.  मित्रानं मोटर सुरू केली आणि बोट खडकांच्या रांगेच्या पार पलीकडच्या टोकाला नेली. म्हणाला, "पिठलं खाऊन विमानात बसली ना, तर ती खरंच परत येणार नाही." मग त्यानं बादलीतली सगळ्यात मोठी तिसरी काढली, ह्या खेपेला उसासा न टाकता गळाला लावली, आणि गळ माझ्या हातात दिला. "टाक. तुझा हात मुशीला लागू आहे, पण निदान लागू तरी आहे."

मी टाकला. बराच वेळ काही नाही. मग दोरी जड झाली. ओढ नाही, झटका नाही, नुसती जड.

"खडकात अडकलं," मित्र म्हणाला.

"अमेरिकेत अडकलं," मी म्हणालो. "मी आता अख्खा देश ओढतोय."

आणि तो खडक चालायला लागला.

पुढे जे झालं ते मी अनेकदा सांगितलंय आणि प्रत्येक वेळी थोडं कमी करूनच सांगतो, कारण लोकांचा विश्वास बसत नाही. मासा बोटीला घेऊन उत्तरेला निघाला. चर्चचा सुळका डावीकडे होता तो उजवीकडे गेला. मित्र माझ्या कमरेला मिठी मारून बसला होता; तो म्हणतो की मला धरायला, मी म्हणतो की घाबरून. माझे दंड असे भरून आले, की पुढचा आठवडाभर मला दात घासायला दात ब्रशवर हलवावे लागले. शेवटी हिरव्या पाण्यात काहीतरी पिवळट चमकलं आणि एक तोंड वर आलं. काय तोंड! आत वाकून बघितलं असतं तर पलीकडच्या बाजूचा उजेड दिसला असता. अंगावर शेवाळी ठिपके, कुशीवरून एक पांढरी रेघ, आणि हनुवटीला एकच एक मिशी. आम्हाला शाळेत भूगोल शिकवणारे मास्तर रागावले की असेच दिसायचे.

मित्रानं जाळीत घेतला. पेटीचं झाकण लागेना, म्हणून मी त्यावर बसलो. मासा खालून मला उचलत होता. मी शपथेवर सांगतो, दोनदा तर मला चर्चच्या पलीकडचं गाव दिसलं.

पाठोपाठ मित्रालाही एक मिळाला. बेताचा होता. त्याबद्दल तो स्वतः लिहील.

धक्क्याला लागलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मित्र बोट परत करायला ऑफिसात गेला. "मासे सांभाळ," एवढंच त्यानं सांगितलं. धक्क्यावर मासे साफ करायचं एक लांब टेबल असतं. तिथे पांढऱ्या दाढीचे एक आजोबा सुरी घेऊन उभे होते. त्यांनी पेटीत डोकावून शीळ घातली आणि विचारलं, "मी ह्यांचं बघू का?" मला वाटलं, बघायचेत म्हणतायत. म्हटलं, खुशाल बघा, बघण्यासारखेच आहेत. कारण तेवढ्यात शेजारच्या बोटीतली चार माणसं 'कुठे मिळाला, कसा मिळाला' विचारायला आली होती आणि मी त्यांच्याकडे तोंड करून, दोन्ही हात पसरून, मासा केवढा होता ते सांगत होतो. हात पुरेनात म्हणून एकाला बाजूला उभं राहून त्याचाही एक हात पसरायला सांगितला.

मागून 'डुबुक' असा आवाज आला. मग दुसरा 'डुबुक'.

वळून बघतो तर टेबलावर चार पांढऱ्या स्वच्छ फाकी. ना काटा, ना कातडी, ना डोकं. खोडरबर! आजोबा सुरी पुसत प्रेमानं म्हणाले, "घरी बायको खूश होईल." आणि खाली पाण्यात, सीगलांच्या गलक्यात, आमच्या भूगोलाच्या मास्तरांचं मुंडकं माझ्याकडे बघत बघत बुडत होतं.

मित्र परत आला. त्यानं टेबलाकडे पाहिलं. "डोकं?"

मी पाण्याकडे बोट दाखवलं.

तो जे बोलला ते रत्नागिरीच्या खास भाषेत होतं आणि त्यातलं एकच वाक्य छापण्यासारखं आहे: "तुझं कापून नेऊ का आता?"

मी म्हणालो, "माझं चालत असेल तर ने. पण कल्ले नाहीत."

हसला नाही तो. टेबलाला टेकून तसाच उभा राहिला. आता परत समुद्रात जायला वेळ नव्हता. बोटही परत गेली होती. आजोबा बिचारे गोंधळले, त्यांना वाटलं मासा नीट कापला गेला नाही. मी समजावून सांगायला लागलो, की ह्याची आई भारतातून आलीय, तिला डोकं हवंय. "डोकं?" आजोबा म्हणाले. "नुसतं डोकं? अहो, मग आधी सांगायचं!" आणि त्यांनी धक्क्याच्या टोकाकडे सुरी दाखवली. तिथे पर्यटकांना मासे धरायला नेणारी मोठी बोट नुकतीच लागली होती. दोन पोरं भराभर मासे कापत होती आणि डोकी बादलीत टाकत होती. ती बादली ते समुद्रात उलटी करणार, एवढ्यात मी सोलापूर ते अक्कलकोट ज्या वेगानं एसटी जाते त्याच्या दुप्पट वेगानं तिथे पोचलो.

"ही आम्हाला द्याल?"

"सगळी?"

"सगळी!"

त्या पोरानं बादली आनंदानं पुढे केली. "लॉबस्टरच्या पिंजऱ्यात घालायला ना? किती पिंजरे आहेत तुमचे?"

मी मित्राकडे पाहिलं. म्हणालो, "एकच आहे. पण त्यातून आजवर कुणी सुटलेलं नाही."

तेव्हा कुठे मित्र हसला.

आम्ही निघालो तेव्हा रविवारचा सगळा बॉस्टन समुद्रावरून घरी चालला होता. गाड्या गोगलगायीसारख्या. मागच्या सीटवर डोक्यांची बादली सीटबेल्ट लावून बसवली होती. शेजारच्या गाडीतल्या एका बाईनं खिडकीतून आत पाहिलं आणि काच वर घेतली. समोर पश्चिमेला सूर्य लाल होऊन झाडांपर्यंत उतरला होता. आम्हाला त्या सूर्यास्तात काही काव्य दिसेना. मित्र स्टिअरिंगवर हात आपटून म्हणाला, "तो बघ, निघाला आमच्याकडे! जरा थांब म्हणावं."

घरी पोचलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या. मनगटाकडे बघून म्हणाल्या, "तिकडे पहाट झाली." मग बादलीत वाकल्या. एक डोकं उचललं, कल्ला उघडून पाहिला. लालभडक. डोळा दाबून पाहिला. दुसरं उचललं. त्यांचा चेहरा असा फुलत गेला की आम्ही दोघंही बघत राहिलो. मग त्यांनी पिशवीतले ते चार पांढरे तुकडे पाहिले.

"डोकी एवढी आणि मास एवढंच?"

मी म्हणालो, "काकू, इथला मासाच असा असतो. हुशार देश आहे, डोकं जास्त."

"गप रे मेल्या. कुणाची डोकी उचलून आणलीत?"

"धड आमचं आहे, डोकी शेजाऱ्यांची. पण मन लावून जोडलं तर चालून जातं, पुराणात आधार आहे."

"पुराण नंतर सांग. लसूण सोल."

पुढे त्या स्वयंपाकघरात जे झालं त्याला स्वयंपाक म्हणणं म्हणजे पानिपताला भांडण म्हणणं. मिक्सर ओरडत होता, मिरची तडतडत होती, धुराचा अलार्म वाजला तेव्हा मित्र खुर्चीवर चढून त्याला टॉवेलनं वारा घालत उभा राहिला, सून कोकम भिजवत होती, आणि मी लसूण सोलत सोलत कॉडची गोष्ट सांगत होतो. ती कुणीही ऐकत नव्हतं. घरभर असा वास सुटला, की वरच्या मजल्यावरचा गृहस्थ खाली येऊन 'सगळं ठीक आहे ना' विचारून गेला आणि गेल्यावरही जिन्यात बराच वेळ रेंगाळला.

ताटं मांडली तेव्हा काकूंच्या घड्याळात सहा वाजून गेले होते. गरम भात, त्यावर लाल कालवण, आणि काकूंच्या ताटात मधोमध एक अख्खं डोकं. त्यांनी डोळे मिटून पहिला घास घेतला.  दुसरा घास. मग दोन्ही हातांनी डोकं उचललं आणि जबडा सोडवायला घेतला. डोक्याचं काम घाईचं नसतं हे मला त्या दिवशी समजलं. एकेक हाड सुटं करायचं, चोखायचं, बाजूला ठेवायचं. आणि मध्येच काकूंनी घड्याळात पाहिलं आणि हात थांबवला. डोकं अर्धं राहिलं होतं.

"झालं," त्या म्हणाल्या. "उजाडलं असेल."

"आई, अजून दोन घास राहिलेत!"

"राहिले तर राहिले. आधी तिकडे विचार, सूर्य आला का वर."

मित्रानं खरकट्या हातानं कॉलिंग कार्ड शोधलं, त्याच्यावरचा लांबलचक नंबर दोनदा चुकवला आणि शेवटी रत्नागिरीला मावशीचा फोन लागला. त्यानं स्पीकर चालू केला. "मावशी, सूर्य उगवला का?"

"कोण? तू? एवढ्या सकाळी? आई बरी आहे ना?"

"बरी आहे गं. सूर्य उगवला का ते सांग!"

"काय प्यायलास बियलास काय रे?"

"मावशी, बाहेर जाऊन बघ ना!"

दार उघडल्याचा आवाज आला, कुत्रं भुंकलं, मग मावशी परत आली. "सूर्य कसला बघतोयस? चार दिवस तोंड दाखवलेलं नाही त्यानं. काळंकुट्ट आहे इकडे. पलीकडची माडाची झाडंसुद्धा दिसत नाहीत."

आम्ही सगळे काकूंकडे बघायला लागलो. काकूंनी अर्ध्या डोक्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"म्हणजे तुला दिसला नाही ना?" त्यांनी फोनकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं.

"नाही बाई."

"मग उगवला असं मी कशाला धरून चालू?" असं म्हणून काकूंनी डोकं पुन्हा हातात घेतलं. "तू बघत राहा. दिसला की सांग."

"अगं पण तुम्ही करताय काय तिकडे?" मावशी विचारत होती. कुणी उत्तर देईना, सगळ्यांची तोंडं भरलेली होती. मीच मग तिला कॉडबद्दल सांगायला घेतलं, उत्तरेला बोट कशी गेली इथपासून. मी चर्चच्या सुळक्यापर्यंत आलो होतो, तेव्हा काकूंनी शेवटचं हाड चोखून ताटाच्या कडेला ठेवलं आणि बोटं चाटत मुलाला म्हणाल्या, "चव आहे हो ह्याला. पण तिरफळ हवं होतं. पुढल्या खेपेला येताना घेऊन येईन."

मित्राचा घास हातातच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मावशीशी बोलायचं थांबलो.

"काय बघताय?" काकू म्हणाल्या. "भात वाढ त्याला. दिवसभर समुद्रावर होता पोरगा, आणि अजून बोलतोच आहे."